मढी कोणी उचलली?

दोस्तहो, २०२०च्या कोरोनात थाळ्या वाजल्या. मढी कोणी उचलली, ते तुम्हाला ठाऊकाय. म्हणून आज १७९३चं अमेरिकेतलं फिलाडेल्फिया ऐका.

पिवळ्या तापानं शहरात सुमारे ५,००० माणसं मेली. पैसेवाले पळाले. डॉक्टर बेंजामिन रश म्हणाला, काळ्यांना हा ताप होत नाही, त्यांनी पुढं यावं. अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन आपली माणसं घेऊन आले. याच जोन्सला गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना गुडघ्यावरून ओढून उठवलं होतं! त्यांचं स्वतःचं चर्च अजून बांधून व्हायचं होतं. तरी ही मंडळी घरोघर गेली. आजाऱ्यांना पाणी पाजलं, पोरकी पोरं आसऱ्याला पोचवली, शवपेट्या विकत आणून मढी पुरली. आणि रशचं म्हणणं? काळ्यांची दफनं १७९२ साली ६७, १७९३ला ३०५.

ताप ओसरला. मॅथ्यू केरी या प्रकाशकानं छापलं, काळ्यांनी शुश्रूषेच्या नावाखाली पैसे उकळले. (हा स्वतः ऐन साथीत गाव सोडून गेलेला.) जोन्स-अ‍ॅलननी १७९४त पुस्तिका काढून पै-पैचा हिशेब तोंडावर मारला: सुमारे १७७ पौंड पदरचे गेले.

त्याच जुलैत त्यांच्या सेंट थॉमस चर्चचं दार उघडलं.