हृदयातील झडप, अर्धशिशी आणि पक्षाघात

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्यांसमोर एका डॉक्टरांनी केलेले भाषण)

'अर्धशिशी', 'हृदयाला छिद्र' आणि 'अंगावरून वारे गेले' हे तिन्ही शब्दप्रयोग आपल्या खेड्यांतून नेहमी कानी पडतात. या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे आपणांस सहसा वाटत नाही. परंतु तसा संबंध आहे, आणि तो नीट न समजल्याने दुहेरी नुकसान होते. काही जण विनाकारण भयभीत होतात, तर काही जण घाई करावयाच्या वेळीच स्वस्थ बसतात.

प्रथम छिद्राविषयी सांगतो. मातेच्या उदरात असताना बालकाची फुप्फुसे श्वसनाचे कार्य करीत नाहीत. प्राणवायू नाळेवाटे मिळतो. त्यामुळे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातील रक्त पडद्यामधील एका झडपेतून थेट डाव्या कप्प्यात जाते. जन्मानंतर पहिला श्वास घेताच डावीकडील दाब वाढतो, झडप मिटते आणि पुढे बहुतेकांमध्ये ती कायमची चिकटून जाते. मात्र सुमारे 4 प्रौढांपैकी एकामध्ये ती चिकटत नाही. या अवस्थेला 'पेटंट फोरामेन ओव्हाले' म्हणतात. अशी बहुसंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. त्यांना या झडपेचा पत्ताही नसतो.

शिक्षकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. 2013 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विद्यार्थ्यांच्या जन्मजात हृदयदोषांचा शोध घेतला जातो. ज्या छिद्रातून रक्त सतत वाहते, त्याची गोष्ट निराळी. अशा मुलाच्या उपचारास विलंब होता कामा नये. दोहोंनाही लोक 'छिद्र' म्हणत असल्याने पालकांना हा फरक समजावून सांगणे अगत्याचे आहे.

आता पक्षाघाताकडे वळू. फार काळ अंथरुणास खिळून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. लहान गुठळ्या सामान्यतः फुप्फुसांत अडकतात व तेथेच विरतात. परंतु खोकताना, कुंथताना किंवा जड मोळी उचलताना हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब क्षणभर वाढतो आणि न चिकटलेली झडप उघडते. त्या क्षणी गुठळी डावीकडे शिरली, तर ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. साठीच्या आतील रुग्णात पक्षाघाताचे दुसरे कारण सापडत नसेल, तर डॉक्टर या झडपेचा विचार करतात. अशा निवडक रुग्णांत पायाच्या शिरेतून नळी घालून झडप बंद केल्यास पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण घटते, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी दाखवून दिले. तथापि पक्षाघाताची नेहमीची कारणे म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके आणि तंबाखू. त्यांचा विसर पडू नये.

अर्धशिशीच्या काही रुग्णांना डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चकाकत्या नागमोडी रेषा दिसतात. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये ही झडप उघडी आढळते. म्हणून केवळ अर्धशिशीसाठी झडप बंद करून पाहण्यात आली. पण त्या चाचण्यांत अपेक्षित यश आले नाही. या प्रकारच्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट होतो हे खरे. परंतु तरुण वयात मुळातील धोकाच अत्यल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही. त्यात विडी-सिगारेट किंवा इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांची भर पडली, तर मात्र धोका वाढतो. अशा भगिनींनी गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

खरे संकट वेगळेच आहे. समजा, जत तालुक्यातील एका शाळेत पस्तिशीतील गुरुजी फळ्यासमोर उभे आहेत. एकाएकी त्यांच्या हातातून खडू गळतो, शब्द अडखळतात, तोंड वाकडे होते. त्यांना अर्धशिशी आहे हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून सहकारी त्यांना गोळी देऊन अंधाऱ्या खोलीत निजवतात. संध्याकाळी हात उचलत नाही असे दिसल्यावर गाडीची शोधाशोध सुरू होते, आणि सांगली-मिरज तर ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर!

मित्रहो, गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावयाचे असते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, 1962 मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले; कराड आणि साताऱ्यातही वैद्यकीय सेवा वाढल्या. पण रुग्ण वेळेवर पोहोचलाच नाही, तर या सर्वांचा उपयोग काय? पाटण, जावळीच्या डोंगरी भागात तर पावसाळ्यात प्रत्येक मिनिट अधिकच मोलाचे ठरते.

अर्धशिशीची चकाकी हळूहळू, काही मिनिटांत पसरते. पक्षाघात बहुधा एकाएकी येतो. परंतु हा निवाडा आपण घरी करू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसले, तर 108 क्रमांकाला दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून उपलब्ध आहे. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. तोंडात पाणी, तेल किंवा औषध घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ॲस्पिरिनही देऊ नये; मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय समजत नाही.

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. अहोरात्र सीटी स्कॅनची व पक्षाघातावरील उपचाराची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची खात्री करून घ्यावी. त्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन चालकांचे क्रमांक ग्रामपंचायत कार्यालयाच्या व शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत. या कामास मोठा निधी लागत नाही; एका दिवसात ते होण्यासारखे आहे.

हृदयातील ती इवलीशी झडप चौघांपैकी एकाजवळ असणारच. तिची धास्ती घेऊ नका. मात्र 'अर्धशिशीच असेल, उतरेल थोड्या वेळाने,' असे म्हणून घड्याळाकडे पाठ फिरवू नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.