दोन कंपन्या आणि आमचे बिल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची पंचवीस वर्षे चूल, मुले आणि आलागेला यांतच गेली. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "यंदा तुम्ही विजेच्या आणि गॅसच्या बिलावर बोला." मी म्हटले, "अहो, त्यासाठी एखादा इंजिनियर बोलवा." त्यावर त्या म्हणाल्या, "इंजिनियर मिळेल हो, पण बिलात ठेच लागलेली बाई बोलायला हवी." ते मात्र मला नाकारता आले नाही. ठेच मला लागली आहे, आणि माझ्यामागून चालणाऱ्या अकरा घरांनाही लागली आहे. त्यांतल्या पुष्कळजणी आज समोर बसल्या आहेत.

आपण उपनगरात राहणाऱ्या बायका एका बाबतीत निराळ्या आहोत. माझी बहीण दादरला असते. तिच्याकडे बेस्टची वीज. जाऊबाई डोंबिवलीला. त्यांच्याकडे महावितरण. दोघींनाही पसंती-नापसंती काही नाही. येईल ते बिल भरायचे. आपल्याकडे मात्र अदानी आणि टाटा अशा दोन कंपन्या आहेत, आणि कोणाकडून वीज घ्यायची ते घरधन्याने ठरवायचे. आधी येथेही असे नव्हते. जुनी माणसे अजून बिलाला 'बीएसईएसचे बिल' म्हणतात, त्या कंपनीच्याच तारा आपल्या घरोघर आल्या. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ साली अदानीकडे. टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र तर १९१५ सालचे. पण आपल्यासारख्या लहान घरांना त्यांनी वीज विकावी की नाही यावर मोठा तंटा झाला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने विकता येईल असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी वीज नियामक आयोगाने जुन्या कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची सोय करून दिली. हजारो घरे तेव्हा तिकडे गेली. पुढे दर फिरले तेव्हा परत येणारेही निघाले.

आता माझी गोष्ट. कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझी होती. माझी भावजय एका लग्नात भेटली. तिने सांगितले, "वन्सं, आम्ही कंपनी बदलली आणि बिल एकदम उतरले. तुम्ही अजून तिथेच काय बसलात?" मला ते इतके लागले की दुसऱ्याच दिवशी भाच्याला बसवून अर्ज केला. नुसता केला नाही, तर जिन्यात, नळावर, भाजीवाल्यापाशी सगळीकडे त्याचे कौतुक केले. अकरा घरांचे अर्ज मी भाच्याकडून भरून घेतले. त्यांत आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी होत्या. एकटे माणूस, नवऱ्याच्या माघारी मिळणाऱ्या पेन्शनीवर चालते. त्यांनी विचारले, "तू सांगतेस ना? मग कर."

पहिले पूर्ण बिल आले आणि माझे पंचाहत्तर रुपये वाढले. मी म्हटले, उन्हाळा असेल. दुसरे आले, तेही तसेच. त्या संध्याकाळी मावशी वर आल्या. दोन बिले माझ्या पुढ्यात ठेवली, चहा घेतला आणि काही न बोलता खाली गेल्या. त्यांचे चाळीस रुपये वाढले होते. चाळीस रुपयांत काय येते ते आपणा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

रात्री मी ती बिले, माझी बिले आणि भावजयीचे मागवून घेतलेले बिल अशी शेजारी शेजारी मांडली. इतकी वर्षे मी बिलावर दोनच गोष्टी पाहत होते, रक्कम आणि शेवटची तारीख. त्या रात्री प्रथमच मधले वाचले, आणि उलगडा झाला. भावजयीकडे दोन खोल्यांत एसी. तिचे महिन्याचे युनिट साडेपाचशेच्या वर. माझे एकशे ऐंशी. मावशींचे ऐंशी. विजेचा दर सगळ्यांना एक नसतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, एकशे एक ते तीनशेला दुसरा, तीनशे एक ते पाचशेला तिसरा आणि त्याच्या वर चौथा. त्या वर्षीच्या दरपत्रकात नव्या कंपनीचा वरच्या टप्प्यांचा दर कमी होता आणि खालच्या टप्प्यांचा जास्त. म्हणजे भावजयीला जे औषध लागू पडले तेच मी मावशींना पाजले.

टप्प्यांविषयी एक गैरसमज आहे, तो येथेच काढून टाकते. तीनशेच्या वर एक युनिट गेले की सगळी युनिटे महाग होतात असे पुष्कळजणी समजतात. एका घरी तर या भीतीने महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंचा पंखा बंद ठेवीत, भर मे महिन्यात! तसे काही नसते. तीनशे दहा युनिटे झाली तर पहिली शंभर पहिल्याच दराने, पुढची दोनशे दुसऱ्या दराने आणि वरची दहा तेवढी तिसऱ्या दराने. फक्त स्थिर आकार टप्प्याप्रमाणे बदलू शकतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे पंखे चालू ठेवा.

मग पडताळा कसा घ्यायचा? मी आणि भाचा जे करतो ते सांगते. बिलावर मागच्या महिन्यांची युनिटे छापलेली असतात. त्यांतला एक मे महिन्याचा आकडा घ्यावा आणि एक डिसेंबरचा, कारण एकाच महिन्यावरून घराची चाल कळत नाही. दोन्ही कंपन्यांची चालू वर्षाची दरपत्रके घ्यावीत. ती आयोगाच्या आदेशात असतात, मुले मोबाईलवर काढून देतात. मग तीच युनिटे दोन्हीकडे मांडून पूर्ण बेरीज करावी. पूर्ण म्हणते, कारण मी नुसता विजेचा दर पाहिला आणि तेथेच चुकले. बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, आणि वहन आकार म्हणून एक असतो. वहन आकार म्हणजे तारांचे भाडे. वीज दुसऱ्याकडून घेतली तरी तारा पहिल्याच्या असतील तर त्यांचे भाडे चुकत नाही. दूधवाला बदलला तरी जिना तोच, तसे. शिवाय इंधन समायोजन आकार येतो, तो कमीजास्त होतो, आणि या सगळ्यावर सरकारचे सोळा टक्के वीज शुल्क. बेरजेत दहा-वीस रुपयांचाच फरक दिसला तर अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नये. तो फरक पुढच्या दरपत्रकात उलटा व्हायला वेळ लागत नाही. आणि बदलायचेच असेल तर आधीच्या कंपनीची बाकी पूर्ण भरलेली हवी, अनामत रकमेचे काय होणार तेही आधी विचारून घ्यावे.

अकरांपैकी सात घरे परत फिरली. मावशींचा अर्ज पहिला. दोन घरांना नवीच कंपनी फायद्याची निघाली, ती तेथेच राहिली. दोघींनी मात्र "आता पुरे तुझे अर्ज" म्हणून हात जोडले.

या भानगडीतून एक चांगले झाले. बिल वाचायची सवय लागली आणि मी मीटरही वाचू लागले. आमची एकशे ऐंशी युनिटे जातात तरी कोठे, हे मला कळेना. आम्ही दोन दिवस गावी गेलो तेव्हा फ्रिज सोडून घरातले सगळे बंद केले आणि मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला. परत आल्यावर पाहते तो पाच युनिटे गेलेली! म्हणजे महिन्याला पंचाहत्तर युनिटे एकटा फ्रिजच खात होता. तो यांच्या पहिल्या बोनसातला, टाकवत नाही. मिस्त्रीला बोलावले. त्याने दारात कागद धरून दार लावले आणि कागद अलगद ओढून काढला. दाराचे रबर गेले होते. रबर बदलले, भिंतीपासून फ्रिज वीतभर पुढे ओढला, मागची जाळी पुसली. पुढच्या खेपेला मोजले तेव्हा दोन दिवसांत चाराच्याही आत. नवा फ्रिज घेणाऱ्या बायकांनी तारे मोजतानाच त्या चिठ्ठीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात तीही वाचावीत. खरी किंमत तेथे कळते.

पंख्याचेही तसेच. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट, हा हिशेब मला मुलाने शिकवला. म्हणजे तेरा-साडेतेरा तासांत एक पंखा एक युनिट घेतो. नवे बीएलडीसी म्हणून पंखे निघाले आहेत, ते तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. बाहेरच्या खोलीतला पंखा बारा तास फिरतो, तेवढा एकच बदलला. त्याची किंमत भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. आतला अजून जुनाच आहे. सगळे एकदम बदला असे मी कोणाला सांगणार नाही. जो जास्त फिरतो तो आधी बदलावा. टीव्हीचा डबा रात्री खटक्यावर बंद करणे, गीझर अंघोळीआधी थोडा वेळच लावणे ही तुम्हाला माहीत असलेलीच कामे आहेत. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी चोवीस अंशांवर ठेवावा. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे सरकारी खाते सांगते.

आता आमचे आकडे एकशे पंचेचाळीसच्या आसपास येतात. कंपनी बदलण्याच्या नादात जेवढे गेले त्याहून कितीतरी जास्त एका रबराने आणि एका पंख्याने परत आणले.

गॅसविषयी थोडक्यात. तेथे आपल्याला विजेसारखी निवड नाही. नळाचा गॅस आपल्या भागात महानगर गॅसचाच. निवड आहे ती नळ की सिलेंडर एवढीच. पुष्कळजणी विचारतात, स्वस्त काय? एक मोटा हिशेब ठेवा. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलेंडरमध्ये जेवढी उष्णता, तेवढी साधारण सोळा ते अठरा घनमीटर नळाच्या गॅसमध्ये. तेव्हा सिलेंडरच्या भावाला सतराने भागावे आणि बिलावरचा घनमीटरचा दर, कर धरून, त्याच्याशी ताडून पाहावा. भाव दोन्हीकडे बदलत असतात, म्हणून माझे उत्तर उद्या खोटे ठरेल, भागाकार ठरणार नाही. नळाच्या गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते. वाचायला माणूस आला आणि दाराला कुलूप असले की अंदाजाचा आकडा पडतो. कुलूप लावून कामाला जाणाऱ्या बायकांनी मीटरचा आकडा आपणच कळवावा.

स्वयंपाकाचे मी तुम्हाला काय शिकवणार? तरी वही ठेवल्यावर मलाच दोन गोष्टी नव्याने कळल्या. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की माझ्याकडे दोन शिट्या कमी लागतात. आणि पहिली शिटी झाली की ज्योत बारीक केलीच पाहिजे. मोठ्या ज्योतीने डाळ लवकर शिजत नाही, वाफच बाहेर जाते. ज्योत पिवळी दिसू लागली, भांड्यांना काजळी धरू लागली की बर्नर साफ करावा. मी तीन महिने भांडी घासत बसले, बर्नरकडे पाहिले नाही. कामवाल्या बाईने सांगितले तेव्हा कळले.

मुलगा म्हणतो, "आई, विजेची शेगडी घेऊ." भाजीला गॅस स्वस्त पडतो की वीज, हे मी अजून मोजलेले नाही. मोजले की सांगेन. यावेळी आधी मोजणार, मग बोलणार.

चिटणीसबाईंच्या परवानगीने एक सूचना करून बसते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला, भजनाच्या आधी, आपण मंडळाच्या खोलीत बिले घेऊन बसतो. आतापर्यंत सात-आठजणी येतात. खालच्या मजल्यावरच्या मावशी सगळ्यांत आधी येतात, आणि आता माझी बेरीज त्याच तपासतात. येताना मागच्या वर्षाची बिले आणावीत, दोन्ही, विजेची आणि गॅसची. चष्मा विसरू नये. अक्षर फार बारीक असते.