म्यानाविना पिस्तूल : परवानाधारकांनी घ्यावयाची दक्षता
(भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके संत्र्याचे व कापसाचे. माल विकून रोख रक्कम घेऊन परतणारा बागायतदार, रात्री-अपरात्री एकट्याने प्रवास करणारा व्यापारी, आडवळणाच्या वस्तीवर राहणारे कुटुंब, यांपैकी काहींना स्वसंरक्षणार्थ शस्त्राची आवश्यकता वाटते व ते रीतसर परवाना घेतात. परवाना देण्यापूर्वी अर्जदाराची चौकशी होते, पोलीस अहवाल मागविला जातो, शस्त्र कशासाठी हवे हे विचारले जाते. परंतु एकदा शस्त्र हाती आले, की ते अंगावर कोठे व कसे बाळगावे, हा साधा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. कोणी ते धोतराच्या किंवा पायजम्याच्या नाडीत खोचतो, कोणी बंडीच्या खिशात टाकतो, तर कोणी मोटारसायकलच्या डिक्कीत किल्ल्या-पान्यांबरोबर ठेवतो. ज्या साधनाने जीव वाचावा, तेच अशा वेळी ज्याने ते बाळगले त्याच्याच जिवावर उठण्याचा संभव असतो.

पूर्वी तलवारीला म्यान असे. ते केवळ शोभेसाठी नव्हते. पाते आपल्याच मांडीला लागू नये, हा त्याचा पहिला हेतू होता. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या म्यानाला, म्हणजेच होल्स्टरला, हाच न्याय लागू पडतो.

अपघात कसा घडतो

चांगले म्यान तीन कामे करते. ते चाप पूर्णपणे झाकते, शस्त्राला एकाच जागी व एकाच दिशेने धरून ठेवते, आणि धावताना, वाकताना किंवा वाहनावर चढताना ते खाली पडू देत नाही. नुसत्या कमरेत खोचलेल्या पिस्तुलाला या तिन्ही गोष्टींचा आधार नसतो. चालता चालता ते हळूहळू सरकते. ते सावरण्यासाठी माणूस नकळत हात घालतो आणि बोट नेमके चापावर पडते. पुढे खोचलेल्या पिस्तुलाच्या नळीचे तोंड मांडीकडे किंवा ओटीपोटाकडे असते, हे लक्षात घेतले म्हणजे धोक्याचे स्वरूप निराळे सांगावयास नको.

या प्रकाराचे सर्वांना ठाऊक झालेले उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यू यॉर्क जायंट्स या संघाचा प्लॅक्सिको बरेस हा नामांकित फुटबॉलपटू. २००८ च्या फेब्रुवारीत त्याने घेतलेल्या झेलावर संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तो न्यू यॉर्कमधील एका करमणूक-गृहात गेला असता त्याच्या कमरेत म्यानाविना खोचलेले पिस्तूल पायाच्या बाजूने खाली घसरले. ते पकडण्याच्या प्रयत्नात चाप दाबला गेला व गोळी त्याच्याच मांडीत शिरली. जीव वाचला, परंतु त्या राज्याचा परवाना त्याच्याजवळ नव्हता, आणि दुसऱ्या राज्यातून घेतलेल्या परवान्याची मुदतही संपलेली होती. २००९ मध्ये त्याला दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. कीर्ती, पैसा व बळकट शरीर या तिहींपैकी एकही गोष्ट त्या क्षणी त्याच्या उपयोगी पडली नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते व माजी खासदार गोविंदा हे कोलकात्यास जाण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवत असताना ते हातून निसटले, गोळी सुटली व त्यांच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली लागली. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि काही दिवसांनी ते घरी परतले. ही घटना रस्त्यावर नव्हे, राहत्या घरात घडली. तेव्हा शस्त्र अंगावर असतानाच नव्हे, तर ते काढताना व ठेवतानाही तितकीच दक्षता आवश्यक असते.

यंत्राचे स्वरूप

पडलेल्या शस्त्रातून गोळी कशी सुटते, असे अनेकांना नवल वाटते. काडतुसाच्या बुडाशी एक टोपी असते. तिच्यावर नेमका आघात झाला, की आतील दारू पेट घेते. जुन्या धाटणीच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांमध्ये घोडा खाली असताना त्याचे टोक या टोपीला जवळजवळ टेकलेले असते. शस्त्र घोड्यावर पडले, तर चाप न दाबताही तो आघात होतो. म्हणून अशा रिव्हॉल्व्हरच्या चकरीत घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुन्या जाणत्यांची रीत होती, आणि ती आजही योग्य आहे. अलीकडच्या बऱ्याच शस्त्रांत घोडा व टोपी यांच्यामध्ये अडसर ठेवलेला असतो व त्यामुळे पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तथापि झिजलेला किंवा तुटलेला भाग असला, तर त्या अडसराचा भरवसा राहत नाही. वडिलोपार्जित शस्त्र वारसाहक्काने मिळाले असल्यास ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडून तपासून घ्यावे, हे उत्तम.

नव्या पद्धतीच्या काही पिस्तुलांना बाहेरून दिसणारा सुरक्षा-खटका नसतो. चाप मागे गेला नाही तर ते सुटत नाही. पण चाप कशानेही मागे गेला, तरी ते सुटते. मग ते बोट असो, सदऱ्याचा सोगा असो, पायजम्याची नाडी असो वा खिशातील किल्ली असो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी म्हण आहे. तद्वत ज्या खिशात वा पिशवीत पिस्तूल, तेथे दुसरी कोणतीही वस्तू असता कामा नये.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा असून तो १९६२ पासून अमलात आहे. त्याखालील जुने नियम जाऊन २०१६ साली नवे शस्त्र नियम आले. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते म्यानात अथवा त्यासारख्या योग्य आवरणात असावे, उघडे दिसू नये व बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा, असा या नियमांचा दंडक आहे. म्हणजे म्यान ही केवळ आवडीनिवडीची बाब उरलेली नाही. शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा-प्रशिक्षण घेण्याची तरतूदही याच नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नकार्यात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवान्याच्या अटींपैकी एक अट या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल, तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा किंवा शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्णा व सावरगाव यांच्या दरम्यान भरणाऱ्या गोटमारीच्या मेळ्याला हजारोंची गर्दी लोटते. जामसावळीच्या हनुमान मंदिरातही भाविकांची रीघ लागते. अशा रेटारेटीत कमरेला खोचलेले पिस्तूल निसटले, तर ते कोणाच्या पायाखाली वा हातात जाईल याचा नेम नाही. तेथे शस्त्र घरी बंदोबस्तात ठेवून जाणे, हाच खरा मार्ग होय.

दुसरी बाब सीमेची. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले हे दोन तालुके २०२३ साली नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. येथील लोकांचा वरूड, काटोल, सावनेर व नागपूर यांच्याशी नित्याचा संबंध आहे. सोयरीक तिकडची, बाजार तिकडचा आणि भाषाही एकच. पण परवान्यावर त्याचे वैधतेचे क्षेत्र लिहिलेले असते. ते मध्यप्रदेशापुरते असेल, तर महाराष्ट्राच्या हद्दीत पाऊल पडताच परवान्याचे शस्त्र बिनपरवान्याचे ठरते. वर सांगितलेल्या खेळाडूच्या बाबतीतही राज्य बदलल्याने गुन्ह्याचे गांभीर्य वाढले, हे ध्यानात असावे. राहिला देशी कट्टा. तो बाळगणे हाच गुन्हा असून कोणतेही म्यान त्याला कायदेशीर वा सुरक्षित करू शकत नाही.

नित्याची शिस्त

म्यान ज्या शस्त्रासाठी घ्यावयाचे, त्याच्या मापाचेच असावे. त्याने चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे. कातडे जुने होऊन मऊ पडले, की त्याची कड आत दुमडते व शस्त्र सारताना तीच चापावर दाब देते. असे म्यान टाकून द्यावे. म्यान पक्क्या पट्ट्यावर बांधावे, नाडीवर नव्हे.

शस्त्र बाहेर काढताना जेवढी घाई असते, तेवढी परत ठेवताना मुळीच नसते. म्हणून ते म्यानात सावकाश, पाहून व बोट चापापासून दूर सरळ ठेवून सारावे. सदऱ्याचा सोगा आत अडकला नाही ना, याची खात्री करावी. निसटलेले पिस्तूल झेलण्याचा प्रयत्न करू नये, कारण झेलणारे बोटच बहुधा चापावर पडते.

घरी आल्यावर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून शस्त्र रिकामे करावे. पिस्तूल असल्यास प्रथम मॅगझीन काढावे व नंतर वरचा सरकता भाग मागे ओढून नळीत काडतूस राहिले नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज घातक आहे. एक काडतूस आत राहिलेले असू शकते. शस्त्र व काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावीत. शस्त्र हरविल्यास तत्काळ पोलीस ठाण्यात कळवावे. लाजेपोटी केलेला विलंब एखाद्या निष्पाप बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

दुर्दैवाने गोळी लागलीच, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर जोराने दाबून धरावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मांडीतील मोठी रक्तवाहिनी फुटल्यास काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो आणि येथून नागपूर गाठावयास एका तासाहून अधिक वेळ लागतो. तेव्हा जखमीजवळच्या माणसाचे पहिले काही क्षण हेच निर्णायक ठरतात. गोळी काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

सर्वांचे कर्तव्य

सरपंच, पटेल व कोटवार यांनी गावातील परवानाधारकांना या अटींची आठवण करून द्यावी. परवाना नूतनीकरणाच्या वेळी अधिकाऱ्यांनी कागदपत्रांबरोबरच शस्त्र कसे बाळगले जाते, याचीही विचारपूस केल्यास पुष्कळ लाभ होईल. शिक्षकांचे काम सर्वांत मोलाचे आहे. वाटेत, शेताच्या बांधावर वा घरच्या कपाटात शस्त्र दिसले, तर त्याला हात लावू नये, सोबत्यालाही लावू देऊ नये, तेथून दूर व्हावे व मोठ्या माणसाला सांगावे, ही चार वाक्ये प्रत्येक वर्गात मुलांकडून म्हणवून घेण्यासारखी आहेत.

परवाना हा एका माणसाच्या नावे असतो, पण त्याच्या शस्त्राच्या टप्प्यात त्याचे मूलबाळ, शेजारी व वाटसरू हे सर्व येतात. म्यानाला लागणारा खर्च शस्त्राच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. तेवढा खर्च व थोडी शिस्त परवानाधारकांनी पतकरल्यास पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तालुक्यांत असा एकही अपघात होऊ नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.