सुगरणीचा खोपा आणि पदवीचा कागद

(उमरठ, ता. पोलादपूर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



तानाजींच्या या गावात इतिहासावर बोलणारे पुष्कळ येतात. मी आपल्याच जिल्ह्यात झालेल्या पक्ष्यांच्या एका अभ्यासाबद्दल बोलणार आहे.

१९३० साली सालिम अली जर्मनीहून शिकून आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी बंद झाली होती. पत्नी तेहमिनांसह ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते पाहत राहिले, नोंदी करत राहिले. आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो नर! अर्धा विणून थांबतो. मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग हे महाशय दुसरा खोपा सुरू करतात.

याच माणसाला पूर्वी विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नव्हती. म्हणून ‘आवड आहे तर छंद म्हणून कर’ हा घरचा सल्ला मला पटत नाही. रीतसर शिका. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये वन्यजीवांवरच्या एमएस्सीला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, माझ्यासारखा इंजिनिअरसुद्धा. या शास्त्रात आता संख्याशास्त्र आणि संगणक भरपूर लागतो.

मुलींच्या घरी पहिला प्रश्न येतो, ‘रानात एकटी कशी जाणार?’ प्रश्न रास्त आहे. फॉर्म भरण्याआधी अब्बा-अम्मींचं तिथे शिकणाऱ्या मुलींशी फोनवर बोलणं करून द्या.