दारावर डकविलेली नोटीस

१९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढें कारखानदारी चाकणपर्यंत पसरली. बिऱ्हाडें हललीं, कोर्टाच्या कागदांवरील पत्ते मात्र तेच राहिले. समजा, चाकणच्या एका शेतकऱ्यानें जमिनीच्या दाव्यांत अपील केलें आणि मध्येंच त्याचा वकील वारला. कोर्टाची नोटीस जुन्या घरीं गेली; बेलिफानें ती कुलूपबंद दारावर डकविली. तारखेस कोणी आलें नाहीं. अपील गैरहजेरीमुळें काढून टाकलें गेलें.

गैरहजेरीस पुरेसें कारण दाखविल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १९ प्रमाणें अपील पुन्हा दाखल होतें. परंतु १९६३ च्या मुदत कायद्यानें अर्जास ३० दिवसच दिले आहेत, आणि तेही अपील निघाल्या दिवसापासून! उत्तरवादीविरुद्ध एकतर्फी निकाल झाला व नोटीस रीतसर बजावलेली नसली, तर त्याचे ३० दिवस निकाल कळल्यापासून धरतात. अपील करणारास ही सवलत नाहीं. हा भेद कठोरच म्हणावा लागेल. त्यानें कलम ५ खालीं विलंबाची माफी मागावी.

बेलिफाचा अहवालही बारकाईनें वाचावा. घर कोणी दाखविलें, नोटीस कोणासमक्ष डकविली, हें त्यांत नमूद असावें लागतें. तेथें नांवच नसेल, आणि शेतकऱ्यापाशीं नव्या घराचें वीजबिल असेल, तर अर्जास बळ येतें. अर्ज नामंजूर झाला, तर त्या हुकुमावरही अपील चालतें.