'मागच्या वेळेसारखंच करा'

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, 'तू कॉम्प्युटरवाली, त्यावरच बोल. पण कळेल असं बोल.' प्रयत्न करते.

वीस-बावीस वर्षांत मी तीन कंपन्या पाहिल्या. प्रश्न सगळीकडे तोच. माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याच्या डोक्यातलं ज्ञान कंपनीत कसं राहायचं? याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात. आधी त्यासाठी जाडजूड फायली असत, त्या कोणी उघडत नसे. मग विकी आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी मार्च १९९५ मध्ये सुरू केली, तेव्हा आपण नववीच्या परीक्षेच्या धास्तीत होतो. कोणीही पान उघडावं, भर घालावी, चूक दुरुस्त करावी, एवढीच कल्पना. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आलं चॅट: स्लॅक, टीम्स, आणि आपलं सगळ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप.

मी चॅटच्या बाजूची होते. 'विकी आता वाचतं कोण, बंद करा,' असं बैठकीत मीच म्हणाले होते. आणि खरंच, सगळे खूश झाले. नवी मुलगी भीत भीत प्रश्न टाकायची आणि पाच मिनिटांत बंगळूरहून उत्तर यायचं. साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळणं संपलं. हा बदल लहान नाही.

मग मार्चअखेरच्या एका रात्री हिशेबाचं काम मध्येच अडकलं. असंच दोन वर्षांपूर्वी झालं होतं आणि एका सहकाऱ्याने ते सोडवलं होतं, एवढं मला आठवत होतं. तो तोवर कंपनी सोडून गेलेला. चॅटमध्ये शोधायला बसलो तर शेकडो संदेश. पहाटे चारला त्याचं उत्तर सापडलं. त्याने लिहिलं होतं, 'मागच्या वेळेसारखंच करा.' खाली अकरा जणांचे अंगठे. त्यात एक माझा.

मागची वेळ म्हणजे कोणती, ते मी बंद करायला लावलेल्या विकीत होतं.

त्या दिवाळीत गावी आले, तर भावाच्या फोनवर तोच प्रकार. छाटणी होऊन बाग फुटलेली, वर अवकाळी पाऊस. त्याने बागायतदारांच्या ग्रुपवर पानाचा फोटो टाकला. पंधरा मिनिटांत नाशिकपर्यंतची उत्तरं. 'डाऊनी आहे.' 'हे मारा, मला फरक पडला.' पूर्वी सल्ल्यासाठी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जायला अर्धा दिवस मोडायचा. पण 'फरक पडला' म्हणजे किती पाण्यात, छाटणीनंतर कितव्या दिवशी, ते कोणी लिहिलेलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी तो संदेश शोधणार कोण?

द्राक्षात याची किंमत मोठी आहे. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला आणि माल अडकला. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. निर्यातीच्या बागांची नोंदणी ग्रेपनेटवर २००६ पासूनच होत होती, म्हणजे पेटी कोणत्या प्लॉटमधली हे मागे जाऊन शोधता येतं. त्यासाठी बागायतदाराला फवारणीची वही ठेवावी लागते. भावाला ती कटकट वाटते. मी त्याला म्हटलं, ग्रुपवर विचार, पण जे केलंस ते रात्री वहीत लिही, आणि त्याचा काय परिणाम झाला तेही. ऑफिसात आता आम्ही हेच करतो. उत्तर देणाऱ्याला वेळ नसतो, म्हणून ज्याने प्रश्न विचारला त्यानेच शेवटी चार ओळी लिहायच्या. हो, विकी पुन्हा सुरू केली. सगळे लिहितात असं नाही. निम्मे लिहितात.

तेव्हाच आई एक गोष्ट बोलली. विरळणीला येणाऱ्या बायकांनी आदल्या वर्षी डाऊनी आठ दिवस आधी ओळखली होती. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून येतात त्या. मांडवाखाली उभं राहून काम करायचं, त्यामुळे पानाची मागची बाजू त्यांना सारखी दिसते आणि पांढरी बुरशी तिथेच धरते. त्यांनी एकमेकींना सांगितलं. ग्रुपमध्ये त्यांच्यातली एकही नाही.

नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी एका पावाच्या यंत्राची गोष्ट सांगितली आहे. मात्सुशिता कंपनीच्या यंत्रात पीठ नीट मळलं जाईना. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर करणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला राहिली. तो मळताना पिठाला ताणून पीळ द्यायचा. हे त्याने कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि फोटो टाकून विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. मी एवढी वर्षं याच धंद्यात आहे, पण मांडवाखाली जाऊन त्या बायकांना काही विचारावं, हे मला आईने सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. मग गेले. दोन दिवस विरळणी केली. मान अजून दुखते.

आता आपल्या ग्रुपचं. आपला दहावीचा फोटो कोणीतरी मागे टाकला होता आणि खाली तुम्ही सगळ्यांनी नावं लिहिली होती. मी परवा ती शोधली. वाढदिवसांच्या केकांखाली गाडली गेली आहेत. म्हणून फोटो मोठा छापून आणलाय आणि मागे कोरा कागद लावलाय. मागच्या रांगेतल्या सात जणांची नावं मला लागत नाहीत. त्यातले दोघं आता नाहीत, असं ऐकलं. आणि डावीकडे दाराशी उभ्या आहेत त्या शिपाईमावशी, त्यांचं नाव आपल्यापैकी कोणालाच कधी माहीत नव्हतं का? बाई, तुम्हाला असेल. जेवणाच्या वेळी मी पाण्याच्या टाकीजवळ पेन घेऊन बसते.