ठकाला हवी आपली अडचण आणि आपले मौन
(जिल्हा बैठकीतील भाषण)



ठक गावात दोनदा येतो. कापूस विकून चार पैसे हाती आले की येतो आणि जादा व्याज दाखवतो. पेरणी तोंडावर आली आणि घरात पैसा नसला की पुन्हा येतो आणि स्वस्त बियाणे, झटपट कर्ज दाखवतो. आपल्या आजोबांच्या वेळी तो चोपडी घेऊन बसायचा. बापाच्या वेळी एजंट होऊन मोटारसायकलवर आला. आज तो आपल्याच खिशातल्या मोबाईलमधून येतो. वेश बदलला, धंदा तोच आहे.

या धंद्याला खानदेशात जुना इतिहास आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. भावाबरोबर भेसळही आली. वजन वाढावे म्हणून रुईत सरकी, माती, पाणी. मुंबई सरकारला 1863 साली त्यासाठी खास कायदा करावा लागला. 1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. तेजीत काढलेले कर्ज मात्र अंगावर राहिले. सावकाराने काय लिहिले हे न वाचता येणाऱ्या कुणब्याने खाली नांगराची निशाणी केलेली. 1875 साली पुणे-नगरकडचे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जरोखे हुडकून जाळले. आपल्या गळ्यातला फास कागदाचा आहे, हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते.

मग आपण शिकलो. वाचता येऊ लागले. फसवणूक थांबली का?

जळगावकरांना याचे उत्तर सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी ही पतसंस्था जळगावचीच. अनेक राज्यांत शाखा, छापील पावत्या, ओळखीतला माणूस दारात. ठेवी परत मिळेनात, तेव्हा 2015 साली संचालकांना अटक झाली. संस्थेवर अवसायक आला. पुढे 2020 च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. आरोप काय, तर अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कमी पैशांत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्या आणि मालमत्ता कवडीमोलाने विकल्या. म्हणजे आधी ठेव अडकली आणि मग त्या अडचणीचाच बाजार मांडला गेला.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. पाटीवर ‘सहकारी’ लिहिले म्हणून ती बँक होत नाही.

आता बियाण्याचे पाहा. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला सरकारची मंजुरी नाही. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. बंदीने बियाणे थांबले का? नाही. ते चोरवाटेने येते, बिनबिलाचे. पाकिटात खरे आहे की सरकी रंगवून भरली आहे, हे उगवल्यावर कळते. तक्रार करावी तर बिल नाही, आणि वर गुन्हेगार आपणच. बंदी शेतकऱ्यावर असते, फायदा मात्र ठकाचा होतो.

आणि मोबाईल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत लोकांना पत्रे यायची, की एक धनाढ्य माणूस स्पेनच्या तुरुंगात अडकला आहे, सुटकेला पैसे पाठवा, मोठा वाटा मिळेल. त्या ठकाला निदान टपालखर्च तरी होता. आज लाख लोकांना संदेश पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. लाखात दहा सापडले तरी त्याचा हंगाम निघतो. म्हणून पीएम किसानच्या नावाने फाइल येते. ती उघडून बसवली की फोनचा ताबा जातो आणि खाते रिकामे होते. सौरपंपाच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या, नोंदणीचे पैसे भरा म्हणून. उद्या याहून अवघड येणार आहे. यंत्राने माणसाच्या आवाजाची नक्कल आजच करता येते. पुण्याला शिकणाऱ्या पोराच्या आवाजात फोन येईल, ‘आबा, लगेच पैसे टाका.’

आमच्या गावात एका भावाच्या खात्यातले कापसाचे पैसे असेच गेले. त्याने पंधरा दिवस कोणाला सांगितले नाही. लोक हसतील, घरचे बोलतील. त्या पंधरा दिवसांत त्याच संदेशाने आणखी दोन घरे धुतली. आम्ही विचारतो, लाज कोणाला वाटायला हवी? लुटणाऱ्याला की लुटला गेला त्याला?

म्हणून या बैठकीतून चार गोष्टी गावात न्या. पक्क्या बिलाशिवाय बियाणे नको, आणि बिल, टॅग व मूठभर बियाण्यासह पाकीट हंगाम संपेपर्यंत जपा. फोनवर आलेली फाइल उघडू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका. घरच्या आवाजात पैसे मागितले तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 या नंबरवर कळवा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला तरच हाती लागतो. मग पारावर येऊन सगळ्यांना सांगा.

पण एवढ्याने भागणार नाही. वेळेवर पीककर्ज मिळाले, पिकाला घामाचे दाम मिळाले, हवे ते बियाणे राजरोस मिळाले, तर ठकाच्या दारात जायला कोणाला हौस आहे? अडचण दूर करण्यासाठी आपली लढाई चालूच आहे. मौन मात्र आजच सोडता येते. त्याला सरकारची मंजुरी लागत नाही.